पास्ता दर वेळी चिकट गोळा होतो? खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी आधी पाणी तपासा

पास्ता केला की गोळा, असं आमच्या घरी सलग चार महिने चालू होतं आणि आता ते थांबलं, म्हणून सगळं सविस्तर लिहून राहिलो. मी जेव्हा शोधत होतो तेव्हा जिथं पाहावं तिथं तेच, पाणी जास्त घ्या, तेल टाका, जास्त शिजवू नका, आणि हे सगळं करूनही माझा गोळा काही सुटत नव्हता. ज्याच्या घरी बोअरचं पाणी आहे त्यानं तर हे पूर्ण वाचाच.

आधी घरची परिस्थिती सांगतो. गाव दर्यापूर तालुक्यात, माझं छोटं कृषी सेवा केंद्र आहे, बायको उपकेंद्रात सिस्टर आहे, हप्त्यातून दोन-तीन दिवस तिला घरी यायला आठ-साडेआठ होतात. आईचे गुडघे दुखतात, संध्याकाळी तिला ओट्याजवळ उभं ठेवायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं, तर मंग त्या दिवशी स्वयंपाक माझ्याकडं. दुकान बंद करून आल्यावर पोळ्या लाटायच्या म्हटलं तर वेळ जातो, खिचडी पोरगी रोज खात नाही, आणि तिनं अमरावतीला मावशीकडं पास्ता खाल्ला तेव्हापासून तिचं तेच, बाबा पास्ता करा. टमाटर, लसूण, तिखट, अर्ध्या तासात जेवण, मला पण आवडलं. पण होऊन काय राहिलं होतं की गंजात (म्हणजे पातेल्यात) पाणी उकळलं, पास्ता टाकला, पाच-सहा मिनिटांत पाणी दुधासारखं पांढरं आणि घट्ट, फेस उतू जाऊन बर्नरवर, पास्ता बाहेरून लिबलिबीत आणि मधात अजून कच्चा, चाळणीत काढला की दोन मिनिटांत सगळा एकमेकाला चिकटून एक गोळा. आई एकदा पाहून म्हणाली, "काऊन रे बाबू, हे त लई झाली, पतंग चिकटवाले कामाची." (लई म्हणजे चिकटवायची खळ.)

आता एक एक करून काय केलं ते.

सगळ्यात आधी पास्ता बदलला. पहिले दोन महिने मी बाजारातून सुट्टा आणत होतो, किलोवर मिळतो तो, शंख आणि नळ्या मिक्स. त्यात बहुतेक मैदा किंवा साधा रवा असतो आणि तो कोणत्याही पाण्यात लवकर सुटतो. पाकिटावर घटक वाचा, 'ड्युरम व्हीट सेमोलिना' असं लिहिलेलं पाहिजे. ड्युरम म्हणजे काही परका प्रकार नाही बरं, आपला जुना बन्सी गहू ड्युरमच आहे, आई ज्याच्या रव्याच्या शेवया करायची तोच, दाणा कडक, रवा पिवळसर, प्रोटीन जास्त, म्हणून शिजल्यावर पण शेवई उभी राहते. इटलीत तर १९६७ च्या कायद्यानं वाळवलेला पास्ता ड्युरमच्या रव्याचाच पाहिजे असं ठरवून दिलेलं आहे. तर पाकिटाचा आणला, फरक पडला, पण अर्धाच. गोळा व्हायचा तो झालाच, फक्त थोडा उशिरा.

मंग पाण्याचं प्रमाण. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी हे इटलीवाल्यांचं माप, मी आधी अंदाजे घ्यायचो आणि ते निम्मंच निघालं, दुकानाच्या काट्यावर पास्ता मोजला तेव्हा समजलं. पहिली दोन मिनिटं सतत हलवायचं हे पण खरं आहे, कारण सुरुवातीलाच वरचा स्टार्च फुगून चिकट होतो, त्या वेळेला दोन नळ्या एकमेकाला लागल्या की लागल्याच. सराट्यानं (उलथण्यानं) नको, लांब दांड्याच्या चमच्यानं तळापासून हलवा. तेलाचं मात्र मी सोडून दिलं, तेल पाण्यावर तरंगत राहते, फेस थोडा कमी होतो तेवढंच, आणि चाळताना ते पास्त्याला लागते म्हणून मसाला धरत नाही. थंड पाण्यानं धुवून पण पाहिलं, गोळा सुटतो पण मंग पास्ता गुळगुळीत आणि बेचव लागतो, गरम जेवणात त्याचा काही उपयोग नाही.

इथपर्यंत सगळं केलं तरी दहातून सात वेळा चिकटच. इथं मी खरंच थकलो होतो, पोरीला म्हटलं आता बंद करू हे.

दोन गोष्टी एका हप्त्यात झाल्या आणि त्यानं उलगडा झाला.

पहिली अशी की एका संध्याकाळी मी गिऱ्हाइकाचा फोन घ्यायला अंगणात गेलो आणि आईनं पाहिलं की पास्ता मधातून कडक आहे, तिनं आपल्या सवयीनं चिमूटभर खायचा सोडा टाकला. आमच्या भागात बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे इथल्या कोणत्याही बाईला विचारा, म्हणून डाळीत सोडा टाकायची रीत घरोघरी आहे. आई म्हणाली, "म्या त डाळीत टाकते तसा टाकला, लवकर शिजन म्हटलं." मी आत आलो तोवर गंजात नुसती पेज, नळ्यांचा आकार पण गेलेला. त्या रात्री आम्ही पोहे खाल्ले. पण डोक्यात राहिलं, सोड्यानं एवढं काऊन झालं?

दुसरी गोष्ट, तीन दिवसांनी अमरावतीला साळीकडं गेलो होतो, तिथं मीच स्वयंपाकघरात उभा राहिलो, इथूनच नेलेलं तेच पाकीट, तेवढंच पाणी, तेवढाच वेळ, आणि पास्ता सुटा, मोकळा, चाळणीत दहा मिनिटं पडला तरी हलवल्याबरोबर वेगळा. माणूस तोच, पाकीट तेच. बदललं होतं फक्त पाणी. अमरावतीच्या नळाला अप्पर वर्धा धरणाचं पाणी, आणि आमच्या गंजात बोअरचं.

आता हे मला आधीच सुचायला पाहिजे होतं कारण माझा धंदाच पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आंबट की सोड्यासारखं अल्कधर्मी ते दाखवणारा आकडा, सांगायचा आहे. फवारणीच्या दिवसांत शेतकरी येतात आणि म्हणतात भाऊ औषध मारलं पण रिझल्ट नाही, मी पहिले विचारतो पाणी कुठलं. आपल्याकडचं पाणी अल्कधर्मी, म्हणजे पीएच ७ च्या वर, अशा पाण्यात डायमेथोएटसारखी औषधं पंपात असतानाच फुटायला लागतात, म्हणून आधी पाण्याचा पीएच सायट्रिक ॲसिडनं खाली आणा असं मी रोज सांगतो. पंपाच्या पाण्याचा विचार करत होतो आणि गंजातल्या पाण्याचा नाही.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत जो पट्टा आहे त्याला खारपाणपट्टा म्हणतात, जमिनीखालचं पाणीच खारट. आमच्या बोअरचा टीडीएस (लिटरमागं विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) आरओ प्लांटवाल्याच्या मीटरवर १८०० च्या आसपास दाखवतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरं पाणीच नसलं तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे. पिण्याचं आणि चहाचं पाणी आम्ही आरओची कॅन आणतो, पण पास्ता उकळायला दोन लिटर ते पाणी घालायचं हे कोणाच्या मनात पण येत नाही, उकळून फेकायचंच आहे म्हणून बोअरचं.

मंग एका रविवारी दुपारी नीट टेस्ट केली. तीन सारखे गंज, प्रत्येकात अर्धा लिटर पाणी, प्रत्येकात काट्यावर मोजून ५० ग्रॅम पास्ता. पहिल्यात बोअरचं, दुसऱ्यात बोअरचंच पण लिंबू पिळलेलं, तिसऱ्यात आरओचं. पीएच पट्टी गंजात नाही बुडवायची, पट्टीवर रंग असतात, वाटीत थोडं पाणी काढून पहायचं आणि ते फेकून द्यायचं.

बोअरचं पाणी थंड असताना ८ आणि साडेआठच्या मधात होतं. दहा मिनिटं उकळल्यावर पाहिलं तर ९ च्या जवळ! मला वाटायचं उकळलं की पाणी चांगलं होते, पण याच्यात उलटं होते. या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते, उकळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जाते, थोडा चुना खाली बसतो (गंजाच्या बुडाला तो पांढरा थर येतो ना, तोच) आणि जे पाणी राहते ते आणखी अल्कधर्मी. म्हणजे आईनं चिमूटभर सोडा टाकून जे एका दणक्यात केलं तेच माझं पाणी दर वेळी हळूहळू करून राहिलं होतं.

निकाल सांगतो. पहिल्या गंजात सहाव्या मिनिटाला पाणी पांढरं, फेस वर, दहाव्या मिनिटाला काढला तर बाहेरून पिठाळ, चाळणीत गोळा. लिंबाच्या पाण्यात आणि आरओच्या पाण्यात दोन्हीकडं पाणी गढूळ झालं पण पातळच राहिलं, नळ्या सुट्या, दाताखाली थोडा कस लागतो तसा. दोघांत फरक मला तरी सांगता आला नाही, पोरीला डोळे बंद करून खायला दिलं तिला पण नाही.

कारण मला जेवढं समजलं तेवढं असं, पास्त्याच्या वरच्या थरात गव्हाच्या प्रोटीनची जाळी असते आणि तिनं स्टार्चचे कण धरून ठेवलेले असतात. पाणी किंचित आंबट असलं, पीएच ६ च्या जवळ, तर ती जाळी घट्ट राहते. अल्कधर्मी पाण्यात ती ढिली पडते, स्टार्च सुटून पाण्यात उतरतो, पाण्याची खळ होते आणि तीच खळ पास्त्याला परत चिकटते. आणि बाहेरचा थर असा सुटून जातो तेव्हा आपल्याला वाटते शिजला, म्हणून काढतो, तर मधात कच्चा.

आता कोणी विचारन की याच पाण्यात डाळ शिजत नाही आणि पास्ता जास्त शिजते हे कसं. मला पण हाच प्रश्न पडला होता आणि दोन दिवस डोक्यात तेच. डाळीच्या दाण्याला धरून ठेवते पेक्टिन, आणि आमच्यासारख्या जड, म्हणजे चुनखडीच्या, पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्या पेक्टिनला आणखी पक्कं करते, म्हणून दाणा कडकच. पास्त्यात पेक्टिन नाही, त्याला धरून आहे प्रोटीन. एकाच पाण्यात दोन वेगळ्या गोष्टी, एक चुन्यामुळं आणि एक अल्कामुळं. मला हे समजलं त्या दिवशी जे बरं वाटलं ते सांगू शकत नाही.

तर करायचं काय.

सगळ्यात सोपं म्हणजे आरओचं किंवा धरणाच्या नळाचं पाणी वापरा. चौघांना ३००-३५० ग्रॅम पास्ता लागतो, म्हणजे तीन-साडेतीन लिटर, २० लिटरच्या कॅनमधून ते जड नाही. आरओच्या पाण्यात लिंबू घालायची गरज नाही.

बोअरचंच वापरायचं असलं तर २ लिटर पाण्याला दोन चहाचे चमचे लिंबाचा रस, म्हणजे साधारण अर्धं लिंबू, आणि तो पाणी उकळल्यावर, पास्ता टाकायच्या आधी. आमच्या पाण्याला एवढ्यानं पुरत नाही, मला जवळजवळ पूर्ण लिंबू लागते, प्रत्येक बोअरचं वेगळं असते म्हणून एकदा करून पहा, पाणी दुधासारखं होत असलं तर आणखी अर्धं. टमाटरच्या मसाल्यात आंबटपणा बिलकुल कळत नाही. उन्हाळ्यात लिंबू महाग झालं की पांढरा व्हिनेगर तेवढाच. किराणा दुकानात लिंबूसत्व (खाण्याचं सायट्रिक ॲसिड) मिळते ते २ लिटरला पाव चमच्यापेक्षा कमी. पण एक गोष्ट हात जोडून सांगतो, फवारणीसाठी जे सायट्रिक ॲसिड आमच्यासारख्या दुकानात मिळते ते खाण्यात वापरू नका, ते खाण्याच्या दर्जाचं नसते आणि पोतं कुठं कुठं ठेवलेलं असते ते आम्हाला माहीत असते. चिंचेचा कोळ पण टाकून पाहिला, काम करते, रंग मात्र काळपट येते.

मीठ. लिटरला १० ग्रॅम म्हणजे दोन लहान चमचे हे माप आरओच्या पाण्यासाठी. खारं पाणी असलं तर आधी जिभेवर घेऊन पहा आणि निम्म्यापासून सुरू करा, नाहीतर मसाल्यात मीठ न घालता पण खारट होते, आमच्या घरी एकदा झालं.

व्हाइट सॉस करायचा असलं, दूध-मैद्याचा, तर लिंबाचं पाणी नको, थेट आरओच घ्या, कारण उकळलेलं थोडं पाणी सॉसमध्ये घालावं लागते आणि दूध फाटायची भीती राहते.

दुसरा त्रास म्हणजे उशिरा जेवणं. आम्ही तिघं साडेसातला जेवतो, बायको येते साडेआठला, तिच्यासाठी ठेवलेला पास्ता चांगल्या पाण्यात शिजवला तरी तासाभरात जड होतो, कारण तो मसाल्यातलं पाणी पीत राहतो. मी आता काय करतो की पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असली तर ९ लाच काढतो, तिचा वाटा परातीत पसरवून चमचाभर तेल लावून ठेवतो (तेल इथं उपयोगी आहे, उकळताना नाही), आणि पास्त्याचं उकळलेलं पाणी एक कप बाजूला. ती हातपाय धुते तोवर कढईत मसाला गरम, त्यात अर्धा कप ते पाणी, मोठ्या आचेवर पास्ता टाकून दोन मिनिटं हलवायचं. त्या पाण्यातल्या स्टार्चनं तेल आणि टमाटरचा रस एकजीव होते आणि पास्त्याला धरते. हे पाणी फेकू नका, साधं पाणी टाकलं तर मसाला पातळ होऊन ताटात वेगळा पळते. आणि बोअरच्या पाण्यात लिंबू न घालता शिजवलं असलं तर ते पांढरं पाणी मसाल्यात टाकू नका, टमाटरची आंबट चव मरते आणि एक साबणासारखा वास राहते.

मसाला आमचा साधाच. तेलात आठ-दहा पाकळ्या लसूण ठेचून, मंद आचेवर, लाल होऊ द्यायचा नाही, दोन वाळलेल्या मिरच्या तोडून, भिवापुरी असली तर एकच पुरे. चार टमाटर बारीक चिरून मीठ घालून सात-आठ मिनिटं, तेल सुटेस्तोवर. वरून सांबार (पुण्यामुंबईकडच्यांसाठी, आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात). चीज गावात मिळत नाही, मी शेंगदाण्याचा जाडसर कूट भुरभुरवतो, पोरीला तो चीजपेक्षा आवडते.

कुकरमध्ये एक शिट्टी देऊन करतात त्याबद्दल, मी दोनदा केलं, त्यात पाणी कमी असते म्हणून स्टार्च सगळा तिथंच राहतो, खाऱ्या पाण्यात तर विचारूच नका. आरओच्या पाण्यात कसंबसं जमते, पण बंद झाकणात हलवता येत नाही तो प्रश्न राहतोच.

हे सगळं झाल्यावर आईनं विचारलं, मंग माह्या शेवयाचं काय. तिचा शेवयांचा उपमा पण नेहमी चिकटायचा, ती म्हणायची बाजारच्या शेवया आता चांगल्या राहिल्या नाहीत. एका सकाळी शेवया भाजून, उकळत्या लिंबाच्या पाण्यात दोन मिनिटं, गाळून फोडणीत, आणि मोकळ्या झाल्या. खिरीच्या शेवया दुधात शिजतात म्हणून त्यांना हा त्रास कधी नव्हताच.

त्यानंतर तिनं आपल्या मनानं डाळीच्या कुकरमध्ये पण लिंबू पिळलं आणि पाच शिट्ट्यांनी डाळ तशीच दाणेदार. डाळीत हे करू नका, आंबटानं पेक्टिन आणखी सुटत नाही आणि दाणा कडक राहतो, टमाटर, चिंच, लिंबू जे काही असलं ते डाळ शिजल्यावरच. डाळीला आम्ही आता आरओचं पाणी घेतो आणि सोडा बंद केला.

तुमच्याकडं बोअर असलं आणि लिंबू घालून पण पाणी पांढरंच होत असलं तर पाकीट कोणतं, पाणी किती, लिंबू किती ते लिहा. पीएच पट्टी कोणत्याही कृषी केंद्रात विचारा, एक पट्टी तर आम्ही गिऱ्हाइकाला अशीच देतो.